समाधीमागचे गाणे : बंगळूर नागरत्नम्मा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



तंजावर हे नाव कानी पडले की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत ते टिकले. शहाजीराजांनी तेथे मराठी नाटके लिहिली, सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. सहलीला गेलेली आपली मुले हे सारे पाहून येतात. परंतु तंजावरपासून अवघ्या बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारू नावाचे एक गाव आहे. तेथे संत त्यागराजांची समाधी आहे आणि तिच्यासमोर एका स्त्रीचे स्मारक आहे. तेथपर्यंत सहसा कोणी जात नाही. आजचे विवेचन त्या स्त्रीविषयी आहे. तिचे नाव बंगळूर नागरत्नम्मा.

गायिकेचे चरित्र सांगताना आपण तिच्या आवाजाविषयी बोलतो, गुरूंविषयी बोलतो, मैफिलींची आणि मानसन्मानांची यादी देतो. एक प्रश्न मात्र राहून जातो : तिला गाऊ कोणी दिले? हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. युरोपातील ऑपेरामध्ये आज सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी स्त्री, हा रंगमंचाचा अलंकार मानला जातो. पण सतराव्या-अठराव्या शतकांत रोम शहरात स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव होता. नायिकेच्या भूमिका पुरुष गात, आणि त्यांचे स्वर उंच राहावेत म्हणून बालपणीच त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली जाई. आपल्याकडे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, आणि ते त्यांच्या अलौकिक गुणांमुळेच. परंतु त्याच काळात कुलीन घरातील मुलीने चारचौघांत गाणे हा कलंक समजला जात होता. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या, तेव्हा त्या धाडसाची केवढी चर्चा झाली, हे जुन्या पिढीला आठवत असेल. ज्या काळात हिराबाई महाराष्ट्रात ही वाट मोकळी करीत होत्या, त्याच काळात दक्षिणेत नागरत्नम्मा अधिक अवघड वाट चालत होत्या.

नागरत्नम्मांचा जन्म ३ नोव्हेंबर १८७८ रोजी म्हैसूरजवळील नंजनगूड येथे झाला. आई पुट्टलक्ष्मी देवदासी परंपरेतील होती. ज्या गृहस्थाच्या आश्रयाने ती राहत होती, त्याने पाठ फिरवली. पदरी लहान मूल, हाती पैसा नाही, समाजात स्थान नाही. अशा अवस्थेत त्या माउलीने एकच निश्चय केला : मुलीला विद्या द्यायची. म्हैसूरच्या एका दरबारी पंडितांकडे तिने मुलीला संस्कृत व संगीत शिकण्यास पाठविले. पुढे ते शिक्षण मध्येच तुटले, गाव सोडावे लागले, तरी आईने निश्चय सोडला नाही. मुलगी कन्नड, तेलुगू, संस्कृत शिकली. बंगळुरात त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील मुनिस्वामप्पा यांच्याकडे तिचे गाणे आकाराला आले. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असतानाच आईचे निधन झाले. मुलीचा एकही मोठा सन्मान त्या आईने पाहिला नाही. येथे बसलेल्या प्रत्येक मातेने ही गोष्ट मनात ठेवावी. मुलांच्या शिक्षणासाठी जे पेरले जाते, त्याचे पीक पेरणाऱ्याच्या दृष्टीस पडेलच असे नाही. म्हणून पेरणी थांबत नाही.

पुढील वाटचाल यशाची होती. म्हैसूरच्या दरबारात मान मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मद्रासला स्थायिक झाल्या आणि गावोगावच्या मैफिली, लग्नसमारंभ, सभा यांतून त्यांचे नाव दुमदुमले. ग्रामोफोनच्या अगदी आरंभीच्या काळात ज्या भारतीय गायिकांचे ध्वनिमुद्रण झाले, त्यांत त्या होत्या. अर्थप्राप्ती उत्तम होती. एखादी साधारण कलावती येथे समाधान मानून राहिली असती. नागरत्नम्मांना मात्र वाचनाचे वेड होते, आणि त्या वाचनानेच त्यांच्या आयुष्याला पहिले मोठे वळण दिले.

येथे पुन्हा तंजावर येते, आणि तेही मराठ्यांचे तंजावर. १७३९ ते १७६३ या काळात तेथे प्रतापसिंहराजे राज्य करीत होते. दरबारात मराठीबरोबर तेलुगू, तमिळ आणि संस्कृत यांना सारखाच मान होता. या दरबारात मुद्दुपळनी नावाची एक विदुषी होती. तिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य रचले. राधा, कृष्ण आणि राधेनेच लहानाची मोठी केलेली इळा यांची ती कथा आहे. इळेचे लग्न राधाच कृष्णाशी लावून देते आणि मग विरहाने व मत्सराने व्याकूळ होते. शेवटी कृष्ण तिची समजूत घालतो. स्त्रीच्या मनातील अभिलाषा, रुसवा आणि मान स्त्रीच्याच शब्दांत तेथे उमटले आहेत. काव्याच्या प्रारंभी मुद्दुपळनीने आपली वंशपरंपरा सांगितली आहे, आणि ती स्त्रियांची परंपरा आहे. स्वतःच्या विद्वत्तेचे वर्णनही तिने कसलाही संकोच न बाळगता केले आहे. असे काव्य लिहिणाऱ्या स्त्रीला तंजावरच्या मराठी दरबाराने आश्रय दिला, याचा आपणा सर्वांना रास्त अभिमान वाटावा.

नागरत्नम्मांच्या हाती या काव्याची १८८७ ची छापील आवृत्ती आली. ताडून पाहता त्यांच्या लक्षात आले की संपादकाने कित्येक पद्ये गाळली आहेत आणि प्रास्ताविकच उडवले आहे. म्हणजे कवयित्रीचे काव्य राहिले, पण ती कोण, कोणाची, हे पुसले गेले. त्या काळचे थोर समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी तर अशी रचना स्त्रीने करावी याबद्दल कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित मिळविले, पाठ सिद्ध केला आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ या प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा, की लज्जा ही केवळ स्त्रियांनाच शोभते, पुरुषांना नाही काय? अशाच शृंगाराची पद्ये पुरुषांनी लिहिली तर ती काव्य ठरतात, मग स्त्रीने लिहिली तर ती अश्लील कशी?

उत्तर लवकरच मिळाले. १९११ मध्ये सरकारने ग्रंथ अश्लील ठरवून त्याच्या प्रती जप्त केल्या. अनेक पंडितांनी बंदीविरुद्ध अर्ज केले, त्यांचा उपयोग झाला नाही. ही बंदी उठली ती १९४७ मध्ये, टंगुटूरी प्रकाशम् यांच्या कारकिर्दीत. म्हणजे छत्तीस वर्षांनी. मध्यंतरी नागरत्नम्मांची पन्नाशी उलटली, साठीही उलटली. त्यांनी माघार घेतली नाही आणि कडवटपणाही धरला नाही. त्यांचे लक्ष एव्हाना दुसऱ्या कार्याकडे वळले होते.

१९२१ मध्ये बिडारम् कृष्णप्पा यांचे एक पत्र त्यांना आले. हे म्हैसूरचे थोर गायक. नागरत्नम्मा त्यांना गुरुस्थानी मानीत. तिरुवैयारूची त्यागराजांची समाधी ढासळत चालली आहे, असे पत्रात कळविले होते. त्यागराज ६ जानेवारी १८४७ रोजी समाधिस्थ झाले. सरफोजीराजांच्या दरबाराचे निमंत्रण आणि धन त्यांनी नाकारले व भिक्षा मागून रामाचे गुणगान केले, अशी परंपरा सांगते. ज्यांच्या रचना गाऊन असंख्य गायक-गायिकांची घरे चालत होती, त्यांच्या समाधीभोवती झाडी माजली होती. नागरत्नम्मा तिरुवैयारूला गेल्या. जागा मिळविली, आपली मिळकत आणि दागिने खर्ची घातले आणि समाधीवर मंदिर उभे केले. त्याच वर्षी काम सुरू झाले व काही वर्षांत विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली.

मंदिर नागरत्नम्मांच्या पैशाने उभे राहिले. पण दरवर्षी पुष्य वद्य पंचमीस तेथे जो आराधना उत्सव होई, त्यात गाण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. उत्सव चालविणाऱ्या मंडळींत दोन तट पडले होते. एकमेकांशी त्यांचे पटत नसे. एका गोष्टीत मात्र दोन्ही तटांचे पूर्ण एकमत होते : स्त्रियांनी समाधीपुढे गायचे नाही. नागस्वरवादकांवरही असेच निर्बंध होते.

अशा वेळी माणसापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे अपमान गिळून गप्प बसणे. दुसरा, सगळे सोडून निघून जाणे. नागरत्नम्मांनी तिसरा मार्ग धरला. १९२७ पासून त्यांनी स्त्री कलावंतांना एकत्र केले आणि समाधीच्या पाठीमागे बसून स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. पुढे पुरुषांचे गायन, मागे स्त्रियांचे. देव एक, संत एक, रचनाही त्याच. तमिळमध्ये या गटाला ‘पेण्गळ कच्ची’, म्हणजे स्त्रियांचा पक्ष, असे नाव पडले. वर्षामागून वर्षे त्या तेथे गात राहिल्या. शेवटी १९४०-४१ च्या सुमारास सर्व पक्ष एक झाले, एकच आराधना ठरली आणि स्त्रियांना समाधीपुढे गाण्याचा हक्क मिळाला. आज तिरुवैयारूत शेकडो स्त्री-पुरुष एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात, तेव्हा त्या सुरात हे मागे बसून गायिलेले चौदा वर्षांचे गाणे मिसळलेले असते.

थोरांचे चरित्र सांगताना अडचणीची बाजू लपवू नये. १९२७ मध्ये डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या विधिमंडळात देवदासी प्रथेविरुद्ध आवाज उठविला. मुलींना देवाला वाहण्याच्या रूढीने किती कोवळ्या आयुष्यांचा बळी घेतला, हे त्यांना जवळून ठाऊक होते; त्यांच्या मातोश्रीही त्याच समाजातील होत्या. नागरत्नम्मांनी मात्र देवदासींची संघटना उभारून या प्रयत्नाला विरोध केला. एका रूढीवर घाव घालताना पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी जपलेले संगीत, नृत्य, मालमत्तेचे हक्क आणि स्वाभिमानही पुसले जातील, अशी त्यांना भीती वाटत होती. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात मुलींना देवदासी म्हणून वाहण्यास बंदी घालणारा कायदा झाला, आणि तो होणे आवश्यकच होते. पण नागरत्नम्मांची भीती अगदीच निराधार नव्हती. पुढे ते नृत्य आणि ते गाणे प्रतिष्ठित रंगमंचावर आले, तेव्हा ज्या घरांनी ते जपले होते त्या घरांतील बहुतेक स्त्रिया त्या रंगमंचावर दिसल्या नाहीत. दोन कर्तबगार स्त्रिया एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना उभ्या होत्या, आणि दोघींच्याही बोलण्यात स्त्रीच्या सन्मानाचीच चाड होती. मुलांना इतिहास शिकविताना हे गुंतागुंतीचे सत्य सांगितले पाहिजे. सोपे करून सांगितलेला इतिहास लवकर पाठ होतो आणि तितक्याच लवकर निरुपयोगी ठरतो.

उत्तरायुष्यात नागरत्नम्मा तिरुवैयारूलाच राहिल्या. १९ मे १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीसमोर बांधण्यात आले. जिला एके काळी पाठीमागे बसावे लागले, ती आता कायमची समोर बसली आहे. त्याच वर्षी, १९५२ मध्ये, मुद्दुपळनीच्या काव्याची आवृत्तीही पुन्हा प्रकाशित झाली.

मित्रहो, मातृभाषेतील शाळेने आपल्या मुलांना काय द्यावे, यावर अशा उत्सवप्रसंगी पुष्कळ बोलले जाते. नागरत्नम्मांच्या चरित्रात त्याचे एक उत्तर सापडते. त्यांना तेलुगू नुसती गाता आली असती तर त्या उत्तम गायिका झाल्या असत्या, इतकेच. त्यांना ती वाचता येत होती, जुने पाठ ताडून पाहता येत होते, म्हणून गाळलेली पाने त्यांच्या लक्षात आली. ज्याला आपली भाषा खोलवर वाचता येते, त्यालाच आपल्या भाषेतून काय गाळले गेले हे कळते. सरस्वती महालात आजही असंख्य मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. त्यांत कोणाकोणाची नावे वाट पाहत असतील, हे वाचणारा आल्याशिवाय समजणार नाही.

पुढच्या वेळी शाळेची सहल तंजावरला जाईल, तेव्हा बृहदीश्वर आणि राजवाडा पाहून झाल्यावर गाडी आणखी बारा-तेरा किलोमीटर पुढे न्यावी. मुलांना कावेरीकाठची ती दोन स्मारके दाखवावीत. आणि त्यांतही मुलींना थोडा वेळ समाधीच्या मागच्या बाजूला उभे करावे, कारण त्यांच्यासाठी मोकळी झालेली वाट तेथून सुरू झाली.