काहिलींतील मळी
(ज्युबिलीच्या दिवशीं केलेलें भाषण)



इस्लामपूरच्या शिवारांतील गुऱ्हाळ आपणांपैकीं कोणीं पाहिलें नाहीं? काहिलींत ओतलेला उसाचा रस वरून निर्मळच दिसतो. खालीं चुलवाण पेटलें व रसांत भेंडीचें पाणी पडलें, म्हणजे काळी मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानें काढून टाकतो. कोमट रसाची मळी निघत नाहीं. तसाच ठेवला तर तो आंबतो.

लावदिकीया येथील मंडळीस प्रभूनें प्रकटीकरणांत हाच दोष लावला आहे. ती थंड नव्हती, उष्णही नव्हती, आणि आपणांस कांहीं उणें नाहीं असें समजत होती. आपलेंही बहुधा असेंच असतें. रविवारचें मिस्साबलिदान आपण चुकवीत नाहीं, ईस्टरपूर्वीं पापनिवेदनही करितों. परंतु तींच तीं चार पापें सांगून उठतों, आणि ज्या भावाशीं बांधावरून अबोला धरिला आहे त्याचें नांवही ओठांवर येत नाहीं. मीही असा अनेकदां उठलों आहें.

संत ऑगस्टिन यांचा बाप्तिस्मा ३८७ सालीं झाला. पुढें तीस वर्षांहून अधिक काळ ते बिशप होते. तरी ४३० सालीं, हिप्पो नगरास शत्रूचा वेढा पडला असतां, मरणशय्येवरून त्यांनीं दाविदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून भिंतीवर लावविलीं, आणि तीं वाचतां वाचतां ते अश्रु ढाळीत.

इस्राएलांत ज्युबिलीचें शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशींच फुंकीत, हें लेवीयाच्या पुस्तकांत आहे. आज सायंकाळीं फादर पापनिवेदनास बसणार आहेत. त्यापूर्वीं ज्यास बांधापलीकडे जाऊन यावयाचें असेल, त्यास अजून वेळ आहे.