मंडळाचा अध्यक्ष निवडताना

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या बैठका सुरू होतात आणि अध्यक्षपदासाठी सर्वांत उत्साही तरुणाचं नाव हमखास पुढे येतं. उत्साह हवाच; रात्री उशिरापर्यंत मांडवाचे बांबू तोच उभे करतो. पण नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घ्यावी लागते, शहरात मांडवासाठी महापालिकेची, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींचा जमा रकमेशी मेळ घालणं, उत्सवानंतर हिशेब देणं, ही कामं सवयीनंच जमतात. अध्यक्ष खुशाल तरुण असू द्या; खजिनदार मात्र हिशेबात मुरलेलाच हवा. त्याच्या शेजारी एक नवा सहखजिनदार बसवा, म्हणजे पुढच्या वर्षी अडणार नाही. यंदाच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.