युवा कोणास म्हणावे?

(मठाच्या वर्धापन महोत्सवातील युवक संमेलनात दिलेले व्याख्यान)



‘राष्ट्रीय युवा धोरणातील मूलभूत कल्पना’ हा विषय उत्सव समितीने मजकडे सोपविला, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी संस्कृत पाठशाळेत व्याकरण शिकलो व तेच शिकवितो. राज्यकारभारातील धोरणांशी माझा परिचय तो कितीसा असणार? परंतु वैयाकरणाला एक खोड असते. कोणताही विषय पुढे आला की त्यातील शब्दाचा अर्थ तो आधी विचारतो. तेव्हा ‘युवा’ म्हणजे कोण, येथूनच आरंभ करू.

शासनाचे उत्तर वर्षांच्या गणतीत आहे. भारताचे पहिले राष्ट्रीय युवा धोरण १९८८ साली झाले, दुसरे २००३ साली व तिसरे २०१४ साली. २००३ च्या धोरणाने तेरा ते पस्तीस वर्षांच्या व्यक्तीस युवा मानले. २०१४ च्या धोरणाने ती मर्यादा पंधरा ते एकोणतीस अशी आखडली. संयुक्त राष्ट्रसंघ तर आपल्या गणनेसाठी पंधरा ते चोवीस एवढेच वय धरतो. माझे वय आज चौतीस आहे. म्हणजे एका धोरणाप्रमाणे मी अद्याप युवक, दुसऱ्याप्रमाणे पाच वर्षांपूर्वीच सेवानिवृत्त, आणि राष्ट्रसंघाच्या हिशेबी दहा वर्षांचा जुना वृद्ध! या मर्यादा निरर्थक आहेत असे मात्र कोणी समजू नये. निधी कोणास द्यावा, शिक्षणाची सोय कोणासाठी करावी, हे ठरवावयाचे तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते.

पाणिनीने मात्र या शब्दाची निराळीच व्याख्या केली आहे, आणि ती मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करीत आली आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात, अपत्यवाचक प्रत्ययांच्या प्रकरणात, ‘युवन्’ ही एक पारिभाषिक संज्ञा येते. गर्गाचा नातू तो गार्ग्य. पणतू मात्र, वंशातील वडील मनुष्य हयात असेतो, ‘युवा’ होय आणि त्याचे नाव गार्ग्यायण. इतकेच नव्हे, थोरला भाऊ जिवंत असला तरी धाकटा ‘युवा’च राहतो. येथे दाढीमिशांचा किंवा वर्षांचा संबंध नाही. साठ वर्षांचा मनुष्यही या अर्थी युवा असू शकेल. ज्याच्या डोक्यावर वडील आहेत आणि ज्याच्या हाती अद्याप घराचा कारभार आलेला नाही, तो युवा.

ही व्याख्या आपल्या बिदर-कलबुर्गीच्या गावांना किती तंतोतंत लागू पडते हे आपण जाणताच. नांगर मुलाने धरावा, तूर मुलाने काढावी, अडतीवर माल मुलाने न्यावा. पैसे मात्र वडिलांनी मोजून घ्यावे. मुलीची गोष्ट तर बोलावयासच नको. तिच्यावरील वडील केवळ माहेरी संपत नाहीत.

आता धोरणातील कल्पनांकडे पाहू. त्यांचा इतिहास थोडक्यात असा. महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सदतीस विद्यापीठांतून सुरू झाली. १९७२ साली खेड्यांतील बिनविद्यार्थी तरुणांसाठी नेहरू युवा केंद्रे निघाली. १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून पाळले गेले व त्याचे ध्येय सहभाग, विकास आणि शांती असे सांगितले गेले. या काळात दृष्टी हळूहळू पालटत गेली. आरंभी युवक ही एक समस्या होती: रिकामा बसला तर बिघडेल, म्हणून त्यास कामास लावावे. पुढे तो साधन झाला: त्याच्या बळावर राष्ट्राचे उत्पादन वाढवावे. २०१४ च्या धोरणात लोकसंख्येच्या साडेसत्तावीस टक्के लोक या वयोगटात आहेत असे सांगून कुशल मनुष्यबळाचा विचार अग्रभागी मांडला आहे, तो याच दृष्टीने. परंतु त्याच धोरणाच्या पाच उद्दिष्टांत आणखी एक आहे, ते म्हणजे शासनाच्या प्रत्येक स्तरावर युवकाचा सहभाग. येथे युवक समस्या नाही, साधनही नाही. तो भागीदार आहे. माझ्या मते साऱ्या धोरणाचे मर्म येथे आहे. बाकीचे बरेचसे योजनांचे तपशील आहेत.

केवळ कौशल्य दिल्याने काय होते व काय होत नाही, याचे उदाहरण बिदरमध्येच आहे. जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार बसवून, किल्ल्यातील जुन्या मातीने तिला काळी झळाळी आणण्याची बिदरी कला जगात वाखाणली जाते. भौगोलिक मानांकनही तिला लाभले आहे. ही कला शिकविता येते. परंतु नमुना कोणता काढावा, भाव काय सांगावा, माल कोणास विकावा यांत ज्याला कधी शब्द नाही, तो तरुण हात शिकूनही हैदराबादची गाडी पकडतो. त्याला कलेचा कंटाळा आला असे आपण म्हणतो, ते मला पटत नाही.

सीमेवरील तरुणाचा प्रश्न यात आणखी एका गाठीने गुंतला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तिकडे गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. औराद तालुक्यातील मराठी घरचा मुलगा मराठीत पुढे शिकावे म्हणून उदगीरला जातो आणि नोकरीच्या वेळी कन्नड परीक्षेपाशी अडखळतो. घटनेच्या ३७१-ज या कलमाने आपल्या भागातील तरुणांसाठी नोकऱ्या व शिक्षण यांत जागा राखल्या, हा मोठाच आधार आहे. पण त्या जागेपर्यंत पोहोचावयास कन्नड यावे लागते आणि आजीशी बोलावयास मराठी. दोन्ही भाषा चांगल्या येणे हे येथील युवक-विकासाचे पहिले कलम असावयास हवे. हा स्मृतिग्रंथ दोन भाषांत निघतो यास म्हणूनच मी केवळ शोभा मानीत नाही. माझे स्वतःचे दुःखही येथे सांगतो. एका कार्यालयाने माझी शास्त्री पदवी कोणत्या पदवीशी समकक्ष आहे, याचा पुरावा मागितला. पत्रव्यवहारात दोन वर्षे गेली आणि वयोमर्यादा उलटली. त्या दिवशी माझे यौवन सरकारी दृष्ट्या संपले!

वयाने लहान असलेल्यांस अधिकार देण्याचे भय आपल्या परंपरेला नव्हते. ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवरील टीका १२९० साली सांगितली तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. येथून जवळच, कल्याणच्या अनुभव मंटपात, चन्नबसवण्णांना त्यांच्या कोवळ्या वयात ज्ञानाने थोर मानले गेले असे परंपरा सांगते. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले व नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरलेले स्वामी रामानंद तीर्थ, कन्नड मुलुखात जन्मून मराठी मुलांचे मास्तर झालेले संन्यासी, अवघे पस्तिशीचे होते.

रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानीतच नाहीत: आपल्या हेतूसाठी मुलांना नाचविणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरती जागा देणे. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपली जत्रा उभी राहिली. रथ कोण ओढतो? पंक्तीत कोण वाढतो? मांडवाचे खांब कोण रोवतो? आमची पोरे. पुण्याच्या गोदामात रात्रपाळी करणारा माझा एक विद्यार्थी दरवर्षी दोर धरावयास रजा काढून येतो. परंतु रथ केव्हा निघावा, शिल्लक रकमेतून पाठशाळेला काय द्यावे, हे ठरविणाऱ्या समितीत तिशीच्या आतील एकही मनुष्य नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. समितीतील सर्वांनी मला लहानाचे मोठे केले आहे. पण घटनेप्रमाणे एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येते, अठराव्या वर्षी मत देता येते. ज्याला गाव चालविता येतो त्याला जत्रा चालविता येणार नाही काय?

माझी विनंती एवढीच की, पुढील वर्षाच्या समितीत तिशीच्या आतील दोन सभासद घ्यावेत, त्यांत एक मुलगी असावी, आणि त्यांना हिशेबाची वही पाहण्याचा व मत देण्याचा पूर्ण अधिकार असावा.

हे भाषण मी आधी श्रीगुरूंना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले व विचारले, “दोनच का मागतोस?” मला उत्तर सुचले नाही. नावे सुचविण्याचे काम त्यांनी पाठशाळेकडे दिले आहे. ज्या गावांतून मंडळी आली आहेत त्यांनी आपल्याकडील नावे येत्या पौर्णिमेच्या बैठकीपूर्वी माझ्याकडे द्यावीत.