प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी : एक प्रसन्न जीवन
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा होत असताना आजच्या व्याख्यानासाठी पंडित सुखलालजी संघवी यांचे चरित्र निवडले आहे. पंडितजींचे नाव निघाले की 'प्रज्ञाचक्षू' हे विशेषण आपोआप ओठांवर येते. विशेषण सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या तेजाने मूळचा माणूस काहीसा झाकला जातो. एका हसतमुख, हट्टी, पोहण्याची विलक्षण आवड असलेल्या माणसाची ओळख त्या विशेषणातून होत नाही. तीच ओळख आज करून घ्यावयाची आहे.

सुखलालजींचा जन्म ८ डिसेंबर १८८० रोजी सौराष्ट्रातील लिमली या लहानशा गावी, स्थानकवासी जैन वणिक कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली. मुलगा चपळ होता. तळ्यात डुंबणे, घोड्यावर बसणे हे त्याचे आवडते उद्योग. पुढे दुकानावर बसावे, संसार करावा, असा सरळ मार्ग घरच्यांनी आखलेला होता. लग्नही ठरले होते. वयाच्या सोळाव्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. ठरलेले लग्न झाले नाही. दुकानाचा प्रश्नच उरला नाही.

थोरांची चरित्रे सांगताना संकट आले की लगेच त्यावर मात झाली, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. सुखलालजींच्या बाबतीत तसे घडलेले नाही. आरंभीचा काळ त्यांनी घोर निराशेत आणि मनाच्या तळमळीत काढला. त्यांची प्रसन्नता जन्मजात देणगी म्हणून आली नव्हती, ती त्यांना कमवावी लागली. तिची सुरुवात झाली ती गावात येणाऱ्या साधु-साध्वींच्या सहवासात. कोणी स्तोत्र म्हणावे, कोणी सूत्र सांगावे, आणि या मुलाने ते ऐकून कंठस्थ करावे. कान आणि स्मरणशक्ती या दोनच गोष्टी हाताशी आहेत, आणि त्या पुरेशा आहेत, हे त्यांना हळूहळू उमगले.

येथे क्षणभर थांबून एका शब्दाचा विचार करावा. आपण शास्त्राला 'श्रुत' म्हणतो. श्रुत म्हणजे ऐकलेले. दिगंबर परंपरेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना ज्ञान दिले ते मुखाने. श्वेतांबर परंपरेतील आगम वल्लभी येथे देवर्धिगणींच्या काळी ग्रंथारूढ झाले, तोपर्यंत ते शतकानुशतके कानांनीच सांभाळले होते. अंधांसाठीची लिपी त्या काळी लिमलीसारख्या गावात कोठून असणार? भारतीय भाषांसाठी एकसूत्री भारती ब्रेल आली तीच मुळी १९५१ साली. सुखलालजी शिकले ते पूर्वाचार्यांच्याच पद्धतीने.

१९०४ मध्ये ते काशीला श्री यशोविजय जैन पाठशाळेत दाखल झाले. घरच्यांच्या दृष्टीने हे वेडेपणच होते. दृष्टिहीन तरुणाने एवढ्या दूर जायचे आणि तेही व्याकरण शिकायला! हेमचंद्राचार्यांचे अवाढव्य व्याकरण त्यांनी ऐकून ऐकून पाठ केले. पुढे पाठशाळा सोडून भदैनीच्या जैन घाटावर व्रजलाल या सहाध्यायाबरोबर राहू लागले, तेव्हा जेवणाखाण्याचीही ओढाताण होती.

याच घाटावरची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. लिमलीच्या तळ्याची सवय असलेल्या या तरुणाला समोर गंगा वाहत असताना स्वस्थ बसवेना. किनारा कोठे आहे हे दिसत नाही. मग उपाय काय? दोरीचे एक टोक काठावर बांधायचे, दुसरे स्वतःला, आणि खुशाल उडी घ्यायची! पोहून झाले की दोरीच्या आधाराने परत. एकदा मात्र दोरी न बांधताच उडी घेतली आणि बुडण्याचाच प्रसंग आला; व्रजलाल वेळेवर धावला म्हणून जीव वाचला.

ही दोरी पुढे जन्मभर त्यांच्या सोबत राहिली असे म्हटले तरी चालेल. वाचक आणि लेखनिक यांच्यावाचून त्यांचे एक पानही पुढे सरकत नसे. हे अवलंबित्व त्यांनी कधी लपवले नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. परंतु दुसऱ्याच्या चुकीपुढे मान तुकवली, असेही नाही. काशीच्या क्वीन्स कॉलेजात परीक्षेला बसले असता लेखनिक सांगितलेले धड उतरवून घेईना. सुखलालजी थेट प्राचार्य व्हेनिस साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी पंडितांसमोर तोंडी परीक्षा घेतली आणि ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. चांगला लेखनिक मिळणे ही दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण आजही संपलेली नाही, हे परीक्षा-केंद्रे चालविणाऱ्या संस्थांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

न्यायशास्त्रासाठी ते मिथिलेत गेले. तेथील थंडी प्रसिद्ध. अंगावर उबदार म्हणावा असा एकच स्वेटर होता. तो गुरुजींना आवडला, तेव्हा शिष्याने तो काढून दिला आणि पुढच्या रात्री गवत अंथरून, जुनी गोधडी पांघरून काढल्या. अहमदाबादेत गांधीजींनी कोचरबला आश्रम काढला तेव्हा हेच पंडितजी गांधीजींबरोबर पहाटे दळायला बसत. हाताला फोड आले. विद्वानाने जाते ओढावे का, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

१९२२ मध्ये ते गुजरात विद्यापीठात आले. धर्मानंद कोसंबी आणि काकासाहेब कालेलकर ही मराठी वाचकांची आपली माणसे त्या वेळी तेथेच होती. कोसंबींकडून पंडितजींनी पालीचे अध्ययन केले. येथेच पंडित बेचरदास दोशी यांच्यासमवेत सिद्धसेन दिवाकरांच्या 'सन्मतितर्क' या ग्रंथाचे, अभयदेवसूरींच्या प्रचंड टीकेसह, संपादन झाले. हस्तलिखितांची पाने वाचली जात, पाठभेद ऐकवले जात. कोणता पाठ शुद्ध, हाच विचार बौद्ध वा नैयायिक ग्रंथांत कोठे आला आहे, हे स्मरणातून सांगितले जाई. अनेक वर्षे हे काम चालले. हस्तलिखित डोळ्यांनी न पाहता त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे म्हणजे काय, याची कल्पना एखादी जुनी पोथी हाताळलेल्यांनाच येईल.

१९३३ ते १९४४ या काळात ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे प्राध्यापक होते. एके काळी ज्या नगरात जेवणाची भ्रांत होती, तेथेच हे घडले. तत्त्वार्थसूत्रावरील त्यांचे विवेचन आजही अभ्यासले जाते. हेमचंद्राचार्यांची 'प्रमाणमीमांसा' त्यांनी संपादिली. आणखी एका ग्रंथाचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ सर्व दर्शनांची, आपल्या जैन दर्शनाचीही, प्रमाणे मोडीत काढणारा आहे. तो रसिकलाल परीख यांच्यासह १९४० मध्ये प्रकाशात आणला कोणी, तर या जैन पंडिताने! प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्यावे, हा अनेकान्त त्यांच्या अंगी मुरलेला होता. समाजातील रूढींवर ते स्पष्ट बोलत, त्यामुळे काही मंडळी नाराजही होत. त्यांच्या मनाची प्रसन्नता मात्र त्यामुळे ढळली नाही. गोड बोलून सर्वांना राजी राखणे आणि प्रसन्न असणे या दोन गोष्टींत अंतर आहे.

सन्मान उत्तरायुष्यात आले. १९५७ मध्ये मुंबईत तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्यांचा गौरव झाला. अर्पण झालेली थैली त्यांनी ज्ञानकार्यासाठी न्यासाला देऊन टाकली. १९५८ साली 'दर्शन अने चिंतन' या गुजराती ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. २ मार्च १९७८ रोजी, वयाची सत्त्याण्णव वर्षे पूर्ण करून, अहमदाबादेत त्यांनी देह ठेवला.

त्यांचे आत्मवृत्त 'मारुं जीवनवृत्त' त्यांच्या पश्चात १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. तेही त्यांनी मुखाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले.