पैनगंगेपलीकडचे गिऱ्हाईक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या मेळाव्यात मोबाइलवरून माल विकण्याचा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. पण इथे बसलेल्या कितीतरी घरांतल्या मायबहिणी ज्वारीचे पीठ, शेवया, जवसाची चटणी करून विकतात. विक्रीच्या एखाद्या ॲपवर नाव नोंदवायला गेले की जीएसटी नंबरचा रकाना समोर येतो. नंबर नाही तर वाट बंद. नंबर काढला तर विवरणपत्रे आली, ती भरणाऱ्याची फी आली. अशा वेळी कायदा नेमके काय मागतो हे ठाऊक नसले, की माणूस एक तर घाबरून धंदा सोडतो, नाही तर नको तो खर्च अंगावर घेतो.

आधी आपल्या शेतातल्या मालाचे पाहू. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे जो स्वतः, घरच्यांच्या कष्टाने किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसतो, त्याला त्या जमिनीतल्या पिकाच्या विक्रीसाठी नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन विक्रीला नोंदणी सक्तीची करणारे कलम २४ आहे, त्यामुळे इथे गोंधळ होता. २०२३ च्या दुरुस्तीने कलम २३ वरचढ ठरवले, तेही २०१७ पासून. तेव्हा आपल्या रानातली मालदांडी कुणी मोबाइलवरून विकली, तरी तो शेतकरीच राहतो, व्यापारी होत नाही.

पण ही सवलत एकट्या माणसाला किंवा एकत्र हिंदू कुटुंबाला आहे. दहा शेतकऱ्यांनी मिळून उत्पादक कंपनी काढली, बायकांनी बचत गट केला, की कायद्याच्या लेखी तिथे शेतकरी उरत नाही. एकटा असेल तोवर शेतकरी, एकत्र आला की व्यापारी! एकीकडे गट करा म्हणून सांगायचे आणि दुसरीकडे गटाला हा न्याय.

आता पिठाचे. ज्वारी दळली की ते रानातले पीक राहत नाही. सुटे पीठ विकले तर कर शून्य. मात्र १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के कर आहे, धान्यालाही तोच नियम. २५ किलोच्या वरच्या पोत्यावर कर नाही. म्हणजे पोत्याने घेणारा सुटला आणि किलो-दोन किलो नेणारा सापडला. ऑनलाइन माल तर पाकिटाशिवाय जातच नाही. (पापडावर मात्र कर नाही. निव्वळ पापड विकणाऱ्या बाईला नोंदणीच लागत नाही, हे कितीजणींना कुणी सांगितले?)

तालुक्याच्या दुकानदाराला १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाखांच्या मालविक्रीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण ॲपवरून हजार रुपयांची चटणी विकणाऱ्या बाईला पहिल्या रुपयापासून लागत होती. हा भेद १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालला. त्या दिवसापासून लहान विक्रेत्याला वाट मिळाली. उलाढाल ४० लाखांच्या आत हवी, पॅन हवा, एकाच राज्यातून आणि राज्यातल्या राज्यातच विक्री हवी. जीएसटीच्या पोर्टलवर तशी माहिती भरली की नावनोंदणी क्रमांक मिळतो. हा जीएसटी नंबर नव्हे. यावर विवरणपत्र भरावे लागत नाही आणि कंपनीने तुमच्या विक्रीतून कर कापायचा नाही. तेव्हा ॲपवर रकाना आला तर आधी नावनोंदणी क्रमांकाची सोय शोधा.

अडचण आहे ती राज्याच्या हद्दीची. यवतमाळची बाई शेकडो किलोमीटरवरच्या मुंबईला पाकीट पाठवू शकते. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला पाठवायचे तर तेलंगण लागते, पूर्ण नोंदणी लागते. ॲप नको, फोनवर ऑर्डर घेऊन थेट पाठवते म्हटले, तरी कर लागणारा माल परराज्यात नेला की नोंदणी आलीच. माझ्या मते सीमेवरच्या जिल्ह्यांवर हा सरळ अन्याय आहे. साऱ्या देशाची एक बाजारपेठ करायची म्हणून जीएसटी आणला होता ना?

पूर्ण नोंदणी घेतली तर तीन महिन्यांनी विवरणपत्र भरण्याची सोय घेता येते. विक्री शून्य असली तरी ते भरावे लागते. उशीर झाला की दिवसाला २० रुपये, एका विवरणपत्राला जास्तीत जास्त ५०० रुपये. ॲपची कंपनी तुमच्या करपात्र विक्रीतून अर्धा टक्का कापून सरकारात भरते (१० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता), तो तुमच्या खात्यावर जमा दिसतो, तो मागून घ्यायला विसरू नका. कंपनीच्या कमिशनवरचा १८ टक्के करही वळता करता येतो. परराज्यात गिऱ्हाईक असेल तर नोंदणी परवडेल, नसेल तर नुसत्या हौसेने घेऊ नये.

आणि नोंदणीतून सूट म्हणजे करातून सूट नव्हे. कपाशीवर फवारायच्या रासायनिक औषधाच्या डब्यावर १८ टक्के तुम्ही भरताच. व्यापारी त्याच्या खरेदीवरचा कर वळता करतो, तुमचा तुमच्याच अंगावर राहतो. सवलत म्हणून जे दाखवतात, त्यात हे दडलेले असते.

कापसाचे एक सांगतो. शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर त्यावरचा ५ टक्के कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा, हे १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याला तो वळताही करता येतो. जीएसटीच्या नावाने चुकाऱ्यातून कुणी पैसे कापले तर ते पावतीवर लिहून मागा. लिहून देणार नाही. पावती घेऊन तालुक्याच्या बैठकीला या.

नावनोंदणीचा अर्ज कसा भरायचा ते जेवणानंतर मागच्या मांडवात दाखवू. पॅन कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल ज्यांनी आणला असेल, त्यांचे अर्ज आजच भरून टाकू. बाकीच्यांनी कागद पाहून घ्यावा.