बहुमताला एक मत कमी
नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया हे जर्मनीतील सर्वाधिक लोकसंख्येचे राज्य. मे 2010 च्या निवडणुकीत तेथील 181 सदस्यांच्या विधिमंडळात सोशल डेमोक्रॅट पक्षाला 67 आणि ग्रीन पक्षाला 23 जागा मिळाल्या. बेरीज 90; बहुमताला एक कमी. तरीही दोघांनी आघाडी केली. जुलैमध्ये मतदानाच्या दुसऱ्या फेरीत डाव्या पक्षाचे 11 सदस्य तटस्थ राहिले आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हानेलोरे क्राफ्ट मुख्यमंत्री झाल्या.

बाहेरून पाठिंब्याचा कायमचा करार कोणाशीच नव्हता. प्रत्येक विधेयकासाठी नव्याने मते जुळवावी लागत. विद्यापीठांतील शिक्षणशुल्क रद्द झाले ते डाव्यांच्या साथीने. शाळांच्या रचनेचा जुना, कडवा वाद मात्र 2011 मध्ये थेट प्रमुख विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाशी समझोता करून मिटवण्यात आला. या सरकारची सर्वांत मोलाची कामगिरी हीच.

अल्पमतातील सरकारची खरी कसोटी अर्थसंकल्पात लागते. 14 मार्च 2012 रोजी विरोधकांनी गृहखात्याच्या तरतुदी फेटाळल्या. त्याच दिवशी विधिमंडळाने एकमताने विसर्जनाचा ठराव केला. 13 मे रोजी झालेल्या निवडणुकीत याच दोन पक्षांना मिळून स्पष्ट बहुमत मिळाले.