चुकीमागचं गणित

पाव लिटर आणि पाव लिटर मिळून अर्धा लिटर, हे दूध आणायला जाणाऱ्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. तीच मुलगी वहीत मात्र एक चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन अष्टमांश लिहिते! अंशात अंश मिळवला, छेदात छेद. हा निष्काळजीपणा नव्हे, त्यामागे तिचा तर्क आहे. तो शोधणं हेच गणितशिक्षणातलं संशोधन.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ साली सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे. तिथे विज्ञानशिक्षणात पीएचडी करता येते. गणितशिक्षण हे त्यातलंच एक क्षेत्र. नुसतं गणित येऊन इथे भागत नाही, मुलांशी बोलावं लागतं. रोज अशा वह्या तपासणाऱ्या शिक्षकांनी या वाटेचा जरूर विचार करावा.